चमत्कार म्हणण्याआधी गुणतक्ता बघा: आयझॉलचा २०१६-१७ चा मोसम

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या फुटबॉल लीगमध्ये, मिझोरामच्या आयझॉल एफसीनं मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि बेंगळुरूला मागे टाकून विजेतेपद पटकावलं, ते नुसतं नशीब होतं की त्यामागे काही पद्धत होती? आणि लहान बजेटच्या क्लबला त्यातून काही उचलता येईल का?

मी बरीच वर्षं प्रशिक्षक म्हणून काम करतोय, बहुतेक वेळ खालच्या डिव्हिजनमध्ये आणि बहुतेक वेळ पैसे नसलेल्या संघांबरोबर. त्यामुळे हा मोसम मी प्रेक्षक म्हणून कमी आणि हिशेबनीस म्हणून जास्त पाहिला. नशीब होतंच. पण ते कुठल्या खात्यात किती जमा झालं, हे वेगवेगळं लिहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

आधी पार्श्वभूमी. तेव्हा आय-लीग हीच देशातली अधिकृत अव्वल लीग होती. आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली होती, पण तिचा आवाका जेमतेम अडीच महिन्यांचा. आय-लीगमध्ये दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने, ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७. आयझॉल खरं तर या मोसमात असायलाच नको होता. आदल्या वर्षी नऊ संघांत आठवा येऊन तो खाली घसरला होता. नववा आलेला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स मात्र वाचला, कारण थेट प्रवेश घेतलेल्या क्लबला रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यातून, सूट होती. मग २०१६ च्या उन्हाळ्यात महासंघाचा भारतीय फुटबॉलच्या फेररचनेचा आराखडा आला, तो न पटल्यानं गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा बाहेर पडले, धेंपोनेही अंग काढून घेतलं. जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं.

हे पहिलं नशीब, आणि ते मोठं होतं. त्याची एक शेपटी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. महमूद अल-अम्ना हा सीरियाचा मिडफिल्डर आदल्या मोसमात स्पोर्टिंग गोव्याकडे खेळत होता. गोव्यानं लीग सोडली आणि आयझॉलला त्यातून जागाही मिळाली, संघाचा मेंदूही मिळाला.

पण "घसरलेला संघ" हे वर्णन ऐकून तो संघ टाकाऊ होता असं समजू नका. त्याच २०१६ च्या मे महिन्यात, लीगमधून खाली गेल्यानंतर, आयझॉलनं फेडरेशन कप स्पर्धेत लीगविजेत्या बेंगळुरूला बाहेर काढलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. गुवाहाटीत मोहन बागाननं त्यांना ५-० असं धुतलं, ती गोष्ट वेगळी. मिझोरामनं २०१४ मध्ये राज्य संघांची संतोष ट्रॉफी जिंकली होती. २०१२ पासून मिझोराम प्रीमियर लीग सुरू होती, तिचे सामने स्थानिक केबल वाहिनीवर दिसायचे. म्हणजे तिथला पंचविशीतला पोरगा दर हंगामात नेमानं स्पर्धात्मक सामने खेळलेला असायचा. आपल्याकडे पंचविशीतल्या खेळाडूचा निम्मा वेळ "पुढची स्पर्धा कधी आहे सर?" हे विचारण्यात जातो.

आता हिशेब. लीग जिंकायची तर सामन्यामागे दोन गुण लागतात. जुने प्रशिक्षक तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचे, घरी जिंका, बाहेर बरोबरी करा. अठरा सामन्यांच्या लीगमध्ये घरचे नऊ विजय म्हणजे २७ गुण आणि बाहेरच्या नऊ बरोबरींचे ९, एकूण ३६. आयझॉल किती गुणांवर जिंकला? ३७. मोहन बागान किती गुणांवर दुसरा आला? ३६. शेजारची वर्षंही तपासा. २०१४-१५ मध्ये मोहन बागाननं वीस सामन्यांत ३९ गुण घेतले, २०१५-१६ मध्ये बेंगळुरूनं सोळा सामन्यांत ३२. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी २०१५-१६ मध्ये ३८ सामन्यांत ८१ गुणांवर विजेता झाला. हा आकडा दोनाच्या आसपासच घुटमळतो, मग संघ गरीब असो वा श्रीमंत. मोसमाच्या सुरुवातीला मी ड्रेसिंग रूममध्ये हा एकच आकडा लिहून ठेवतो. बाकी भाषणं खेळाडूंना आठवत नाहीत.

आयझॉलची ओळ अशी: ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, २४ गोल केले, १४ खाल्ले. बागानची: १० विजय, ६ बरोबरी, २ पराभव, २७ केले, १२ खाल्ले. या दोन ओळी मला खूप काही शिकवून गेल्या, म्हणून इथे जरा थांबतो.

बागाननं गोल जास्त केले, खाल्ले कमी आणि हरले कमी. कागदावर तो सरस संघ होता, वाद नाही. जुन्या पद्धतीनं, विजयाला दोन गुण धरून हिशेब केला, तर दोघांचेही २६ गुण होतात. अगदी समसमान. इंग्लंडनं १९८१ मध्ये विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या जगानं तेच स्वीकारलं. त्यातून बरोबरीची किंमत घसरली, हे पुस्तकात सगळे वाचतात, पण पोटात कुणाच्या उतरत नाही. एक विजय आणि एक पराभव मिळून तीन गुण होतात, दोन बरोबरी मिळून दोन. आयझॉल बागानपेक्षा एक सामना जास्त हरला आणि एक सामना जास्त जिंकला. लीग तिथेच फिरली.

हे मला स्वतःला फार महागात पडून कळलं आहे. एका मोसमात माझ्या संघानं ओळीनं पाच सामने बरोबरीत सोडवले. मी खूष होतो, कारण "आपल्याला कुणी हरवू शकत नाही" असं मुलांना सांगता येत होतं. सहाव्या सामन्यानंतर तक्ता पाहिला तर दोन सामने हरलेले संघ आमच्या वर होते. त्या पाचांपैकी तीन सामन्यांत शेवटची पंधरा मिनिटं मीच खेळाडूंना मागे ओढलं होतं. दोष सगळा माझा. तेव्हापासून ७५व्या मिनिटाला १-१ असताना मी बचावपटू आत पाठवत नाही.

२०१६-१७ मध्ये तळाशीही हेच दिसतं. मिनर्व्हा पंजाब आणि मुंबई एफसी दोघांचे १३ गुण, दोघांच्याही सात-सात बरोबरी. मिनर्व्हा नवा थेट प्रवेश असल्यानं सुरक्षित होता. मुंबई खाली गेली आणि त्यानंतर राष्ट्रीय लीगमध्ये तो संघ पुन्हा दिसला नाही.

मुंबई एफसीचं नाव निघालंच आहे तर खालिद जमीलकडे वळू. कुवेतमध्ये जन्म, महिंद्र युनायटेडसारख्या संघांतून खेळलेला आणि २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसीचा प्रशिक्षक. त्या सात वर्षांत त्यानं मुंबईला एकदाही विजेतेपदाच्या जवळ नेलं नाही, पण एकदाही खाली जाऊ दिलं नाही. खेळ बघायला कंटाळवाणा असतो म्हणून लोक नावं ठेवायचे. मुंबईशी फारकत झाली आणि मोसम तोंडावर असताना तो आयझॉलला पोहोचला. जाताना मुंबईत हाताखाली तयार झालेली दोन माणसं बरोबर आली, उजव्या बगलेवर आशुतोष मेहता आणि पुढे जयेश राणे. गोलरक्षक अल्बिनो गोम्स आयएसएलमधल्या मुंबई सिटीकडून लोनवर आला.

बाहेरून बघणाऱ्याला ही नुसती तीन नावं वाटतील. प्रशिक्षकाला त्यात वेगळी गोष्ट दिसते. नव्या संघात तुम्हाला तीन-चार आठवडे मिळतात. तेवढ्यात वीस जणांना तुमची भाषा शिकवता येत नाही. पण दोघंतिघं ती आधीच बोलत असतील तर बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकतात. "फुलबॅकनं कधी वर जायचं" हे फळ्यावर दहा वेळा काढण्यापेक्षा आशुतोष एकदा गेला आणि एकदा थांबला, की दुसऱ्या बाजूच्या लालरुआत्ताराला कळतं. मधोमध लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान चेंडू हिसकावायला, त्याच्यापुढे अल-अम्ना तो वळवायला, मागे नायजेरियाचा किंग्जली एझे आणि पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. चार परदेशी आणि चौघंही मैदानाच्या मधल्या कण्यावर. बगलांवर स्थानिक किंवा मुंबईची पोरं, धावण्यात कमी न पडणारी. पैसे कमी असतील तर ते कण्यावर खर्च करावेत, हे तत्त्व नवीन नाही. पण ते पाळणारे क्लब मला फार कमी भेटले. बहुतेकांना आधी स्ट्रायकर हवा असतो, कारण अध्यक्षांना फोटोत स्ट्रायकर हवा असतो.

त्या वेळी वृत्तपत्रांनी आयझॉलच्या मोसमाचं बजेट सुमारे दोन कोटी रुपये असल्याचं छापलं होतं. मोठ्या क्लबांचा खर्च याच्या कितीतरी पट होता.

आता दुसरं नशीब, वेळापत्रकाचं. हे कुणी मोजत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आयएसएलचा अंतिम सामना १८ डिसेंबर २०१६ ला कोचीत झाला. आय-लीग ७ जानेवारीला सुरू. ज्या क्लबांचे प्रमुख खेळाडू आयएसएलमध्ये होते, त्यांना एकत्र सरावाला तीन आठवडेही मिळाले नाहीत, आणि तेही थकलेल्या पायांवर. बेंगळुरूची २०१६ ची एएफसी कपची, म्हणजे आशियाई क्लब स्पर्धेची, मोहीम तर नोव्हेंबरमध्ये दोहातल्या अंतिम सामन्यापर्यंत चालली होती. २०१७ मध्ये बागान आणि बेंगळुरू दोघेही पुन्हा एएफसी कपमध्ये होते. बागानला तर गटात पोहोचायलाच आधी श्रीलंकेच्या आणि मालदीवच्या संघांशी पात्रता फेरी खेळावी लागली, आणि ती लीग चालू असताना. आयझॉलला फक्त लीग. बहुतेक आठवड्यांत एकच सामना, मध्ये सहा दिवस.

सहा दिवस म्हणजे नेमकं काय, हे खेळवणाऱ्यालाच कळतं. रविवारी सामना झाला की सोमवारी पाय सोडवायचे, मंगळवारी सुट्टी, बुधवारी जड काम, गुरुवारी रचना, शुक्रवारी सेट-पीस (कॉर्नर, फ्री-किक), शनिवारी हलकं. मध्ये बुधवारी परदेशात सामना आला की यातले रचना आणि सेट-पीसचे दोन दिवस सर्वात आधी उडतात. उरतो फक्त प्रवास आणि मालीश. दोन महिने असं चाललं की संघ धावतो चांगला, पण एकमेकांच्या जागा विसरतो. बागानकडे सोनी नॉर्दे होता, कात्सुमी युसा होता, जेजे होता, म्हणून ते ३६ पर्यंत पोहोचले. ईस्ट बंगाल सुरुवातीला आघाडीवर होता आणि उत्तरार्धात ढासळला. त्यांना मात्र एएफसी कपची सबब नव्हती.

तिसरी गोष्ट मैदान. आयझॉल सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. श्वास लागण्याइतकी ही उंची नाही. त्यामुळे "डोंगरात खेळणं अवघड" वगैरे जे सांगतात, ते मला अर्धवट पटतं. खरा फरक मुआलपुईच्या राजीव गांधी स्टेडियमवरच्या कृत्रिम टर्फचा होता. गवतावर सराव करणारा संघ टर्फवर आला की पहिली वीस मिनिटं त्याचे पास पुढे निघून जातात, कारण चेंडू थांबतच नाही. बचावपटू गवतावरच्या सवयीनं चेंडूच्या टप्प्याची वाट बघतो आणि टप्पा त्याच्या डोक्यावरून जातो. लांब स्टडचे बूट रुततात, घोटा वळतो. एकदा मी संघाला टर्फवर नेलं तेव्हा सहा जणांकडे लोखंडी स्टडच होते. सामन्याच्या सकाळी गावभर बूट शोधत फिरलो आणि दोघं एक साइझ मोठा घालून खेळले. पूर्वार्धातच आम्ही दोन गोल खाल्ले, त्यातला एक नुसत्या घसरण्यानं. पाहुण्या संघाला अशा मैदानावर सरावाला एकच संध्याकाळ मिळते. यजमान मात्र वर्षभर त्याच्यावर वाढलेला असतो.

आणि लीगचा शेवटचा सामना कुठे होता? शिलाँगला, म्हणजे पुन्हा टर्फवरच. कोलकात्यात असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अधूनमधून करतो.

२२ एप्रिलचा सामना मात्र बारकाईनं बघायला हवा. सोळा सामन्यांनंतर दोघांचे ३३ गुण आणि समोरासमोर गाठ आयझॉलमध्ये. तोपर्यंत बागान सबंध मोसमात फक्त एकदा हरला होता. कोलकात्यातला सामना बागाननं ३-२ असा जिंकलेला. आता दोन्ही बाकांवरचा विचार करा. बागानला बरोबरी चालत होती, कारण त्यांचा शेवटचा सामना घरी चेन्नई सिटीशी होता आणि आयझॉलला शिलाँगला जायचं होतं. आयझॉलला बरोबरी चालण्यासारखी नव्हती. ८०व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. ८३व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेनं गोल केला. तो बचावपटू आहे. शेवटच्या दहा मिनिटांत ०-० असताना ज्या संघाचा बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर सापडतो, त्या संघानं एक गुण नाकारून तीन मागितलेले असतात. वर मांडलेलं गणित कुणी फळ्यावर लिहिलं असो वा नसो, त्या मिनिटाला ते मैदानावर उतरलं होतं. सामना ०-० सुटला असता तर दोघे ३४ वर राहिले असते आणि शेवटच्या दिवसाच्या निकालांनी बागान ३७, आयझॉल ३५ असा तक्ता लागला असता.

३० एप्रिलला दोन्ही सामने एकाच वेळी. आयझॉलला एक गुण पुरत होता. नवव्या मिनिटाला यजमान शिलाँग लाजाँगच्या दिपांडा डिकानं गोल मारला, तो त्या मोसमात ११ गोलांसह लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तिकडे कोलकात्यात बागान जिंकत गेला, २-१. म्हणजे काही काळ विजेतेपद कोलकात्यातल्या रवींद्र सरोवर मैदानावर जाऊन बसलं होतं. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. उरलेला वेळ आयझॉलनं ती सांभाळली. इथे मात्र बरोबरी सांभाळणं शंभर टक्के बरोबर होतं, कारण एका गुणाची किंमत तीन गुणांइतकीच झाली होती. नियम कधी मोडायचा हेही त्याच हिशेबातून येतं.

मग लहान क्लबनं यातून काय घ्यायचं? गोव्याच्या क्लबांनी लीग सोडणं तुमच्या हातात नाही, प्रतिस्पर्ध्याची एएफसी कपची दगदगही नाही. हातात उरतं ते असं: तुमच्या गावात वर्षभर सामने खेळणारी पोरं आहेत का, प्रशिक्षकाबरोबर त्याची भाषा जाणणारे दोन खेळाडू आणता येतात का, आणि पैसे कण्यावर खर्च करायची अध्यक्षांची तयारी आहे का. आयझॉलला मालक रॉबर्ट रोमाविया रॉयटे यांनी पैसा किती दिला यापेक्षा खालिदच्या कामात किती कमी ढवळाढवळ झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोसम संपेपर्यंत प्रशिक्षक तोच राहिला. त्याच मोसमात ईस्ट बंगालचा ट्रेव्हर मॉर्गन एप्रिलमध्ये पायउतार झाला.

पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स असे तीन क्लब या लीगमध्ये येऊन गेले, तिघांकडेही आयझॉलपेक्षा चांगल्या सुविधा होत्या. आज तिघांपैकी एकही लीगमध्ये नाही. या तिघांबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, इथे विषय भरकटेल.

"परत घडेल का" याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. विजेता झाल्यावर काही महिन्यांतच आयझॉलचा संघ वाटला गेला. खालिद आणि अल-अम्ना ईस्ट बंगालकडे गेले, कामो बायी बागानकडे, लालरुआत्तारा केरळ ब्लास्टर्सकडे, जयेश आणि आशुतोष कोलकात्याच्या एटीकेकडे, अल्बिनो दिल्लीला. मोठ्या क्लबांनी जे मैदानावर मिळालं नाही ते बाजारात विकत घेतलं. आणि तरीही २०१७-१८ ची लीग त्यांच्यापैकी कुणीच जिंकली नाही. ती जिंकली मिनर्व्हा पंजाबनं, आदल्या मोसमात १३ गुण घेऊन नवव्या आलेल्या संघानं. दुसरा आला नुकताच वर चढलेला मणिपूरचा नेरोका. मिनर्व्हाचे गुण होते ३५, अठरा सामन्यांत.